ब्रिटनीचा पहिला चाकू

ब्रिटनी लोपीसला खोटं बोलता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात असल्या की शाळा फार दिवस टिकत नाही. तिची नववीपर्यंत टिकली. दहावीला बसायच्या आधीच तिने घरी सांगून टाकलं, "मला बाकावर बसून नाही जमत. पाय वळवळतात." मम्मी रडली, पपा वाडीत जाऊन केळींना पाणी सोडत बसले, आणि विषय संपला.

मग कामं सुरू झाली. गिरीजच्या नाक्यावरच्या बेकरीत लागली, तर गिऱ्हाइकाला म्हणाली, "पाव कालचा आहे, उद्या सकाळी या." तिकडून सुटली ती लेडीज टेलरकडे. तिथे एका बाईला आरशासमोर उभी करून सांगितलं, "आंटी, हा रंग तुम्हाला नाही शोभत, कापड परत करा." तिकडूनही सुटली. गावात लोक म्हणायला लागले, वॉल्टरची पोरगी चांगली आहे हो, पण तिचं तोंड.

शेवटी रोझमेरी आंटीने तिला उचललं. आंटीचं काम म्हणजे फुलांची सजावट. चर्चचा सण असो, लग्न असो, नाहीतर मयतीची रीथ, म्हणजे फुलांचं चक्र, आजूबाजूच्या गावांत पहिला फोन तिलाच. आंटी म्हणाली, "बोल हवं तेवढं. फुलांना कान नसतात."

ब्रिटनी तिथे टिकली. बादल्या भरायच्या, गुलाबाचे काटे काढायचे, सुतळी धरायची, शिडी धरायची. सहा महिने तिने फक्त धरलं आणि भरलं. फूल कापायला आंटीने हात लावू दिला नाही.

आता या सगळ्यात क्लेमी कुठून आली ते सांगायला हवं. क्लेमी म्हणजे क्लेमेंटीन. आजीचं नाव ठेवलंय, म्हणून एवढं लांबलचक. बालवाडीपासून ब्रिटनीची मैत्रीण. क्लेमी शिकली, नर्स झाली, पण एक दिवस असा गेला नाही की दोघींनी एकमेकींना शिव्या घातल्या नाहीत. लहानपणी फर्स्ट कम्युनियनला दोघींनी वाडीतला सोनटक्का तोडून बुके केले होते. त्याच दिवशी ठरलं होतं, जिचं लग्न आधी तिचा बुके दुसरीने करायचा. क्लेमीचं रिचर्डशी लग्न ठरलं तेव्हा तिने घरच्यांच्याही आधी ब्रिटनीला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "बुके."

ब्रिटनी दुसऱ्या दिवशी आंटीपुढे उभी.

"क्लेमीचा बुके मी करणार."

आंटी निशिगंधाच्या काड्या मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाने? दातांनी?"

"म्हणजे?"

"तुझी सुरी कुठाय? माझ्याकडे काम करतात त्या सगळ्यांच्या खिशात आपापली सुरी असते. एल्रॉयची एल्रॉयकडे, माझी माझ्याकडे. कोणी कोणाची मागत नाही. कात्री देठ चेंगरते, मग फूल पाणी पीत नाही. आणि घरातली सुरी आणशील तर तिला बोंबलाचा वास. वेदीवरची फुलं बोंबलाच्या सुरीने नाही कापायची. आधी स्वतःची घे. घेऊन सांभाळून दाखव. मग बुकेचं बोलू."

झालं. ब्रिटनीच्या डोक्यात आता फक्त चाकू.

महिन्याचा पगार हातात आला त्याच संध्याकाळी ती चुलतभाऊ केविनच्या बाइकवर बसली. केविन जवळच्या गास गावात राहतो. त्याने आयुष्यात चाकू घेतला नाही, पण मोबाइलवर चाकूंचे व्हिडिओ बघून त्याला सगळं माहीत होतं. रस्ताभर तो ओरडून सांगत होता, जपानी स्टील काय, जर्मन स्टील काय. ब्रिटनीच्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात दोन गुलाब, एक जर्बेरा आणि ग्लॅडिओलसची एक जाडी काडी.

"हे कशाला?" केविनने सिग्नलला विचारलं.

"चप्पल घेताना पाय घरी ठेवून जातोस का?"

होळी बाजारात जयवंतकाकांचं हार्डवेअरचं दुकान आहे. नळाच्या तोट्या, दोरखंड, उंदराचे पिंजरे आणि एका काचेच्या पेटीत चाकू. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "बोला."

"चाकू पाहिजे. घडीचा."

"किचनसाठी?"

"खिशासाठी."

काकांनी केविनकडे पाहिलं. केविन म्हणाला, "तिच्या खिशासाठी. मी फक्त गाडी चालवतो."

काकांनी विचार करून एक गुलाबी मुठीचा काढला. फळं कापायचा. वर स्ट्रॉबेरीचं चित्र. "लेडीजसाठी हा चालतो."

"काका, गुलाबाच्या देठाला कळतं का, कापणारा लेडीज आहे की जेन्ट्स?"

काकांनी स्ट्रॉबेरी परत ठेवली. मग त्यांनी एक जाडजूड वस्तू काढली, आणि केविनचे डोळे चमकले. तिच्यात चाकू होता, करवत होती, कात्री होती, बाटली उघडायचं होतं, स्क्रू पिळायचं होतं. केविन एकेक उघडत गेला आणि शेवटी त्याच्या हातात साळिंदर झालं.

"हाच घे. दात कोरायची काडी पण आहे बघ."

"मला बुके करायचाय. दात नाही कोरायचे." तिने तो जीन्सच्या खिशात घालून पाहिला. निम्मा बाहेर. बायकांच्या जीन्सचे खिसे कोण शिवतं देव जाणे, त्यात फार तर दोन बोटं जातात आणि उरलेला नुसता दिखावा. जो आत गेला तोही असा जड की एका बाजूने पॅन्ट खाली यायला लागली. पातंही एवढुसं, आणि जर्बेऱ्याची पोकळ काडी त्याने कापली नाही, नुसती चेपली. "अकरा कामं येतात, पण माझं एक येत नाही. ठेवा."

एव्हाना नळाचा वायसर घ्यायला आलेले एक गृहस्थ वायसर विसरून बघत उभे होते. काकांनी दुसरा काढला. बटण दाबलं की खटकन पातं बाहेर. केविन "ओहो" म्हणाला. काकांनीच तो लगेच मिटला. "नको. हा तुला देणार नाही. नाक्यावर पोलिसाने विचारलं तर काय सांगशील, फुलं कापते?"

"फुलंच कापते ना."

"माहीत आहे. मला पटलंय. त्याला पटेल का?"

मग सगळ्यात स्वस्तातला आला, पत्र्याच्या मुठीचा. धार बरी होती. ब्रिटनीने पातं उघडलं आणि पाठीवरून काउंटरवर दाबलं. पातं गपकन मिटलं. बोट आत असतं तर गेलं असतं. वायसरवाले गृहस्थ म्हणाले, "बापरे. लॉक नाही त्याला."

"शिडीवर चढून कापते मी. एका हातात फुलं असतात," ती म्हणाली. "लॉकवाला दाखवा काका. लहान. पातळ पात्याचा. आणि मूठ ओली झाली तरी सटकायला नको."

"हे आधी सांगितलं असतं तर?"

"आधी मला पण कुठे माहीत होतं?"

हे मात्र खरं होतं. पेटीतल्या चार चाकूंनी तिला काय नको ते शिकवलं होतं. काकांनी मागच्या फळीवरून एक डबा उतरवला आणि त्यातून एक काळा, साधा चाकू काढला. मिटला तर तिच्या करंगळीएवढा, थोडा मोठा. पातं सरळ आणि पातळ, पाठीवर नख घालायला एक बारीक खाच. मूठ खरखरीत. उघडलं की कट्ट करून लॉक लागायचं. तिने पाठीवरून दाबलं, हललं नाही. गुलाबाचा देठ तिरका कापला, एका ओढीत. जर्बेऱ्याची काडी कापली. तिचं गोल तोंड गोलच राहिलं. तिने काकांच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी हातावर घेतलं आणि परत कापलं. मग मिटून खिशात घातला, खाली बसली, उठली आणि दुकानात दोन उड्या मारल्या.

"हे कशाला?" काका म्हणाले.

"पडतो का बघते."

पडला नाही. किमतीत तो साळिंदराच्या चौथ्या हिश्श्याचा आणि पत्र्यावाल्याच्या तिप्पट. केविन म्हणाला, थोडे टाकून मोठा घे. ब्रिटनी म्हणाली, "तो महाग घेतला तर मी वापरायला घाबरणार. हा पत्र्याचा घेतला तर नाताळच्या आधी दुसरा घ्यावा लागणार. हा मी न घाबरता वापरीन." काकांनी थोडे कमी केले. ती मागणारच होती, पण मागायच्या आधीच केले. बहुतेक उड्यांचे.

आयुष्यात स्वतःच्या पैशाने घेतलेली तिची ही पहिली वस्तू. घरी दाखवली तर मम्मी म्हणाली, "मुलीच्या जातीने खिशात चाकू? लोक काय म्हणतील?" पपांनी उघडला, मिटला, परत उघडला. वॉल्टर लोपीस म्हणजे जन्मभर कोयता चालवलेला माणूस. म्हणाले, "लहान आहे."

"मोठा हवा असेल तर तुमचा कोयता आहेच."

"हं," ते म्हणाले आणि अजून एकदा उघडून मिटला.

आंटीने चाकू पाहिला, धारेवर अंगठा फिरवला, परत दिला. "लग्नापर्यंत नीट ठेव." पुढचे तीन आठवडे ब्रिटनीने आयुष्यात काही जपलं नाही तेवढा तो जपला. सराव म्हणून रोज काड्या कापल्या. घरात चहाच्या कपापासून तांब्यापर्यंत सगळ्यात फुलं. पपांनी एकदा दाढीच्या मगात निशिगंध बघितला आणि दाढी न करताच वाडीत गेले.

आणि मग लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घोळ झाला.

आंटीची एक पद्धत आहे. बाकीचे डेकोरेटर फुलं खोचायला हिरवा स्पंज वापरतात. आंटी केळीचं खोड वापरते. घड उतरवलेल्या केळीचं खोड कापायचं, त्याचे विटेसारखे तुकडे करायचे आणि त्यात काड्या खोचायच्या. आत पाणीच पाणी, फुलं दोन दिवस हसत राहतात. वेदीसाठी असे तुकडे आणायचं काम ब्रिटनीचं, कारण वाडी तिच्या घराची. पपांनी कोयत्याने खोड पाडलं, तिने चाकूने तुकडे छाटून सारखे केले. काय सुरेख कापत होता. पपासुद्धा म्हणाले, "बरा आहे गं."

काम झाल्यावर तिने तो पुसला. वाडीत कोयता पुसतात तसाच. खोडावर दोनदा इकडून, दोनदा तिकडून, एकदा गोणपाटावर, बस. शंभर वर्षं गिरीजमध्ये असंच पुसतात. कट्ट करून मिटला आणि खिशात.

सकाळी ती आंटीच्या पडवीत पोचली तेव्हा फुलं आली होती. पांढरे गुलाब, निशिगंध, जिप्सोची बारीक पांढरी फुलं आणि शतावरीची हिरवी पानं. एल्रॉय, आंटीचा जुना माणूस, बादल्या लावत होता. ब्रिटनीने चाकू काढला, खाचेत नख घातलं आणि ओढलं.

काही नाही.

परत ओढलं. नख सटकलं. पातं मुठीत असं बसलं होतं की जणू एकच वस्तू ओतून केली होती.

"दातांनी बघ," एल्रॉय म्हणाला.

"तुझे आहेत का जास्तीचे?"

आंटीने चाकू घेतला, नाकाशी धरला. "केळ."

"हो."

"पुसला होतास?"

"पुसला ना. कोयता पुसतो तसा."

"कोयत्याला सांधा असतो का गं बाय?"

केळीच्या चिकाचं गिरीजच्या पोरीला कोणी सांगायची गरज नव्हती. कपड्यावर पडला तर डाग मरेपर्यंत जात नाही हे तिला चालता यायच्या आधीपासून माहीत होतं. पण घडीचं हत्यार त्यांच्या घरात कधी आलंच नव्हतं. कोयत्याला आत म्हणून काही नसतं. चीक रात्रभर सांध्यात वाळला आणि त्याचा डिंक झाला.

"बुके मी करते," आंटी म्हणाली. "तू बादल्या भर."

"आंटी, मी तिला शब्द दिलाय."

"मीही तुला सांगितलं होतं, सांभाळून दाखव."

"एल्रॉयदादा, तुझा दे ना."

एल्रॉयने आंटीकडे बघितलं आणि मग बादलीत. "मला लागतो," तो म्हणाला. खाली मान घालून म्हणाला, पण म्हणाला.

आंटीने पदर खोचला. "आम्ही वेदी उरकायला चर्चमध्ये जातोय. परत येईपर्यंत उघडला तर बघू. नाही उघडला तर मला परत विचारायचं नाही."

दोघं टेम्पोत तुकडे आणि फुलं भरून गेले. पांढरे गुलाब मागे राहिले. ब्रिटनी आंटीच्या स्वयंपाकघरात घुसली, पळीत खोबरेल तेल गरम केलं आणि सांध्यात थेंब थेंब सोडलं. फुंकर मारली. शिवी घातली. परत तेल. पातं केसभर हललं, पण बाहेर ओढायला पकड पाहिजे, आणि तिला नखंच नव्हती. सहा महिने गुलाबाचे काटे काढून बोटांची टोकं नुसती खरवडलेली. नाणं लावलं, सटकलं. पक्कड लावावी तर पातंच मोडायचं.

लपवून ठेवणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने क्लेमीला फोन लावला.

"ऐक. माझा चाकू चिकाने बसलाय. बुके बहुतेक आंटी करणार. आंटी माझ्यापेक्षा चांगला करते, तसं काही टेन्शन नाही. पण मी शब्द मोडला. आता शिव्या घाल."

पलीकडे ड्रायरचा आवाज. तो बंद झाला. "आंटीच्या घरी आहेस?"

"हो. तू येऊ नको."

फोन कट.

लग्नाच्या दिवशी नवरीने घराबाहेर पडू नये असं सगळ्याच म्हाताऱ्या सांगतात. क्लेमी भावाच्या स्कूटरवर बसून आली. अंगात मॅक्सी, डोक्यात रोलर, त्यावर मम्मीची ओढणी. अर्ध्या गावाने बघितली असणार.

"बुके तू करणार," ती उतरत म्हणाली. "नाहीतर मी हातात मेथीची जुडी घेऊन चर्चमध्ये जाते. रिचर्डला काही कळत नाही, तो म्हणेल छान आहे. दे इकडे."

"आधी तुझी नखं बघ."

नखं बघण्यासारखीच होती. पार्लरमध्ये दोन तास बसून लावलेली, लांब, मोत्याच्या रंगाची, टोकाला चांदीची बारीक रेघ. क्लेमीने चाकू डाव्या हातात घेतला, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत घातलं.

"क्लेमी, नको. फोटो आहेत तुझे."

"तू मूठ धर घट्ट."

ब्रिटनीने मूठ धरली. क्लेमीने दात ओठ खाऊन ओढलं. आधी काहीच झालं नाही. मग कर्र झालं, मग एक टक आणि एक कट्ट. टक नखाचा होता. ते उडून गुलाबाच्या बादलीत पडलं. कट्ट लॉकचा होता. चाकू सताड उघडा.

दोघींनी अंगठ्याकडे पाहिलं. मोत्यांच्या रांगेत मधूनच एक आखूड, गुलाबी, साधं नख.

"नऊ आहेत अजून," क्लेमी म्हणाली.

ब्रिटनीने क्लेमीच्या दंडावर एक जोरात चापट मारली. क्लेमीने परत मारली. तेवढ्यात टेम्पो आला.

आंटी पडवीत चढली आणि थांबली. "नवरी इथे काय करते?"

"चाकू उघडते, आंटी," ब्रिटनी म्हणाली.

आंटीने रोलर पाहिले, अंगठा पाहिला, मग चाकू. एल्रॉयने बादलीतून नख काढून दोन बोटांत धरलं आणि कुठे ठेवावं न कळून खिशात टाकलं. आंटीने पात्यावर बोट फिरवलं. बोट चकचकीत झालं.

"तेल घातलंस?"

"हो."

"मग त्या तेलाच्या पात्याने माझ्या पांढऱ्या गुलाबाला हात लावून तर बघ. आधी भांड्याच्या साबणाने धू. गरम पाण्याने. काडेपेटीच्या काडीला फडकं गुंडाळ आणि सांध्यातून फिरव. कोरडा कर. मग बस."

ब्रिटनी आत पळाली. मागून तिला आंटीचा आवाज ऐकू आला, "आणि तू काय बघतेस? घरी जा, केस सुकले तुझे."

बुके करायला ती बसली तेव्हा आंटी समोर स्टूल टाकून बसली. हात लावला नाही. ब्रिटनीने देठ तिरके कापले, एकेक. पहिल्या दोन गुलाबांना वेळ लागला, तिसऱ्यापासून नाही. निशिगंध मधे, जिप्सो भोवती ढगासारखं. रिबीन बांधणार तेवढ्यात आंटी म्हणाली, "थांब. उजव्या बाजूने पानं खाली सोड. अजून. लांब ठेव ती. अंगठा झाकला पाहिजे."

ब्रिटनीने वर पाहिलं. आंटी खिडकीबाहेर बघत होती.

"असं?"

"अजून जरा. फोटोवाले हलकट असतात."

लग्नाचा मिस्सा, म्हणजे चर्चमधला विधी, व्यवस्थित झाला. वेदीवर केळीच्या खोडातली फुलं ताठ उभी होती. क्लेमी गाऊनमध्ये आली, आणि तिच्या हातातला बुके उजवीकडून असा ओघळला होता जसा वाडीच्या कुंपणावरून वेल ओघळतो. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, "मॅडम, बुके जरा खाली घ्या, चेहरा येत नाही." क्लेमी म्हणाली, "चेहरा सगळ्यांनी बघितलाय. बुके बघू दे." अंगठी घालायच्या वेळी तिने बुके ब्रिटनीकडे दिला, अंगठा मुठीत दाबून. मग लगेच परत घेतला. रिचर्डला खरंच काही कळलं नाही.

चर्चच्या पायऱ्यांवर बायका जमल्या. एकीने विचारलं, "रोझमेरी, एकाच बाजूने पानं का गं सोडलीस?"

"मी नाही, ब्रिटनीने केलाय," आंटी म्हणाली. "नवीन फॅशन आहे. सध्या असंच चालतं."

ब्रिटनीने तोंड उघडलं. आंटीने तिच्या पायावर पाय दिला. तिने तोंड मिटलं.

पण असं किती वेळ राहणार? पुढच्याच रविवारी एक पोरगी आईला घेऊन आंटीच्या पडवीत आली. तिचं जानेवारीत लग्न होतं. तिला तसाच बुके पाहिजे होता, उजवीकडून पानं सोडलेला, क्लेमीसारखा. आणि ब्रिटनीनेच केलेला. आंटी आत चहा टाकायला गेली होती. ब्रिटनीने चाकू उघडला, सांधा फुंकला आणि मनापासून विचारलं, "का? तुझं पण नख तुटलंय?"